शून्य अंशाचे पाणी

गेल्या जुलै महिन्यातील गोष्ट. आठ दिवस सूर्यदर्शन झाले नव्हते. तुंगारेश्वरचा डोंगर ढगांत पार बुडून गेला होता, शाळेच्या ओसरीवर छत्र्यांची रांग ठिबकत होती, आणि नववीच्या वर्गात हवेतील आर्द्रतेचा पाठ चालला होता. हा पाठ शिकविण्यास ह्याहून योग्य हवा कोणती? फळ्यावर खडू उमटत नव्हता, वह्यांची पाने मऊ पडली होती, कपाटातील नकाशांना बुरशीचा वास येत होता. मी मुलांकडून वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजून घेतली. ८ मीटर, ६ मीटर, ४ मीटर. म्हणजे १९२ घनमीटर हवा. उष्णमान २८ अंश होते. तेवढ्या उष्णमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावते, आणि आमच्या आर्द्रतामापकाने सापेक्ष आर्द्रता शेकडा ८५ दाखविली. मुलांनी गुणाकार केला. आपण ज्या हवेत बसलो आहोत तिच्यात चार लिटरांहून अधिक पाणी अदृश्य रूपाने भरलेले आहे, असे उत्तर निघाले, तेव्हा पुढच्या बाकावरील एकाने दचकून वर पाहिले. जणू काय ते आता त्याच्या डोक्यावर ओतले जाणार होते!

वास्तविक वसईच्या मुलाला आर्द्रता पुस्तकातून शिकवावी लागू नये. खाडीकाठच्या मिठागरांत समुद्राचे पाणी कोंडून ठेवले की उन्हात ते हळूहळू नाहीसे होते व मीठ मागे राहते. आगाशीकडे राजेळी केळी सोलून, वाळवून सुकेळी करतात. हवा कोरडी असेल तरच ती साधतात, म्हणून ते काम करणारी माणसे आधी आभाळाकडे पाहतात आणि मग घडाकडे. अर्नाळ्यास बोंबील टांगून वाळवितात, त्यांचीही हीच कथा. मिठागरांतून, केळ्यांतून, बोंबलांतून निघालेले ते पाणी हवा उचलून नेते. पुढे ते जाते कोठे, हा माझ्या पाठाचा दुसरा भाग होता. हवा जसजशी वर चढते, तसतशी ती प्रसरण पावून थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावते, शून्य अंशाच्या घनमीटरभर हवेत तर जेमतेम ५ ग्रॅम. आणि न मावलेले बाष्प समुद्राच्या फेसातून उडालेल्या मिठाच्या कणांवर, धुळीवर, धुरावर बसून त्याचे सूक्ष्म थेंब होतात. तेच ढग. इथवर मी बरोबर होतो.

इतक्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला. हा मुलगा सहसा बोलत नसे. तो उभा राहून म्हणाला, "सर, माझे मामा सांताक्रूझच्या विमानतळावर विमाने तपासतात. ते म्हणतात, पावसाळ्यात आपल्याकडेसुद्धा वर गेलेल्या विमानावर बर्फ साचतो. हे खरे का?"

मी म्हणालो, "अरे, मामांनी तुझी थट्टा केली. विमानावर बर्फ साचतो तो युरोपात, अमेरिकेत. आपल्याकडे शेवाळ साचते!"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. मुलगा खाली बसला. त्यानंतर मी गेली एकवीस वर्षे दर वर्षी सांगत आलो ते वाक्य वहीत उतरवून दिले, 'पाणी शून्य अंशाला गोठते', आणि घंटा झाली.

ऑगस्टमध्ये पालकांची सभा भरली. त्या मुलाचे वडील कुवेतला नोकरीस असतात, म्हणून त्याच्या आईबरोबर मामा आला. पाहतो तो माझाच जुना विद्यार्थी! मी शिक्षकी पत्करली त्या पहिल्याच वर्षी तो माझ्या वर्गात होता. क्षेमकुशल झाल्यावर मीच विषय काढला व हसत विचारले, "काय रे, भाच्याला बर्फाच्या गोष्टी सांगतोस म्हणे?" तो हसला नाही. अदबीने म्हणाला, "सर, वसई रोड स्टेशनापासून नालासोपारा चार किलोमीटर. तेथून विरारच्या बाजूस आणखी एक. तेवढेच अंतर सरळ वर मोजा. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर तेथे शून्य अंश असते. विरारपर्यंतसुद्धा जावे लागत नाही."

हे मला ठाऊक होते. निदान ठाऊक असावयास हवे होते. मी म्हटले, "असेल. पण मग तेथे सगळा बर्फच असणार. कोरडा बर्फ विमानाच्या पंखाला चिकटेल कसा?"

"बर्फ असता तर बरे होते, सर. तो बहुधा आपटून उडून जातो. तेथे पाणी असते. शून्याखाली दहा अंश, पंधरा अंश, तरी पाणीच."

"असे कसे होईल? शून्याला पाणी गोठते."

"हे तुम्हीच आम्हांला शिकविलेत," तो म्हणाला. त्याच्या स्वरात उपहास नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. "कामावर लागलो तेव्हा पहिल्या पंधरवड्यात ते पुसावे लागले. गोठते नव्हे, सर, गोठू शकते." मग थोडा थांबून तो पुढे म्हणाला, "त्याचे वडील त्याच आठवड्यात कुवेतहून यावयाचे होते. म्हणून त्याने विचारले होते. वडील आले सुखरूप. पण पोरगा त्या दिवसापासून मला काही विचारीत नाही."

त्या रात्री मी पदवीच्या वर्गातील माझे जुने पुस्तक काढले. अतिशीत पाण्यावर त्यात अर्धे पान मजकूर होता. लाज वाटण्याजोगी गोष्ट ही, की त्या अर्ध्या पानाखाली माझ्याच हाताने रेघ ओढलेली होती! ज्यांच्या नावाचा उष्णतामापक जगभर चालला त्या फॅरनहाइट यांनी १७२४ साली हा प्रकार छापून प्रसिद्ध केला होता. स्वच्छ पाणी काचेच्या भांड्यात बंद करून त्यांनी कडाक्याच्या थंडीत ठेवले. ते पाणीच राहिले, आणि हलविताच त्यात बर्फ झाला. तीनशे वर्षांचे जुने ज्ञान, आणि मी ते मुलांपासून एकवीस वर्षे लपवून ठेवले, तेही विसरभोळेपणाने.

कारण एकदा ध्यानात आले की ते सोपे वाटते. सकाळी प्रार्थनेसाठी शाळेच्या पटांगणात चारशे मुले गोळा होतात. ती आपोआप रांगेत उभी राहत नाहीत. कोणीतरी चार मुले नीट उभी राहिली की त्यांच्यामागे बाकीची लागतात. पाण्याच्या रेणूंचेही तसेच आहे. शून्य अंशाखाली त्यांना स्फटिकाच्या रांगेत उभे राहण्याची मोकळीक मिळते. पण रांगेस प्रारंभ करून देणारे कोणी लागते. ते काम एखादा धुळीचा कण करतो, भांड्यावरील ओरखडा करतो, किंवा आधीच तयार असलेला बर्फाचा कण करतो. घागरभर पाण्यात असे मदतनीस पुष्कळ असतात, म्हणून घागर शून्याच्या आसपास गोठते. ढगातील थेंब असतो मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. तशा दहा लाख थेंबांचा मिळून एक पावसाचा थेंब व्हावयाचा. एवढ्याशा थेंबाच्या वाट्याला योग्य कण येतो कोठून? मिठाचा कण बाष्पाचे पाणी करण्यास उत्तम, पण पाण्याचा बर्फ करण्यास निरुपयोगी. त्यासाठी काही जातींची माती, खनिजांची धूळ लागते, आणि ती त्या उंचीवर फार विरळ. कोणाचेच साह्य मिळाले नाही तर असा थेंब शून्याखाली सुमारे ३८ अंशांपर्यंत द्रवरूपात तग धरतो.

वाचून माझे समाधान झाले; परंतु वर्गाचे झाले नसते. मी ज्यांच्यासमोर हसलो होतो त्यांच्यासमोर ते दिसले पाहिजे होते. सप्टेंबरात मी प्रयोगशाळेत तयारी केली. पाचूबंदरावर मासळीसाठी येतो तसा बर्फ आणविला, तो फोडला, आणि त्यात मिठागराचे खडे मीठ सढळ हाताने मिसळले. घरी कुल्फीचे भांडे फिरविणाऱ्यास हे मिश्रण परिचित आहेच. चांगले जमले तर ते शून्याखाली २१ अंशांपर्यंत जाते. त्यात परीक्षानळी उभी केली, नळीत ऊर्ध्वपातित पाणी आणि उष्णतामापक. पहिला प्रयत्न फसला. पाणी शून्याखाली एक अंश होते न होते तोच गोठले. दुसराही फसला. नळीला आतून ओरखडा होता, हे शिपायाने दाखवून दिले, मी नव्हे. तिसऱ्या वेळी नवी नळी घेतली, ती दोनदा धुतली, आणि मिश्रणात मीठ थोडे कमी घातले, जेणेकरून पाणी सावकाश निवावे.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तेच केले. उष्णतामापक वाचण्यास त्या मुलालाच बोलाविले. तो नळीवर वाकून एक एक अंश मोठ्याने सांगू लागला. दोन. एक. शून्य. वर्ग थांबला. शून्याखाली एक. दोन. पाणी स्वच्छ, पातळ. तीन. चार. "सर, अजून पाणीच आहे," तो हळूच म्हणाला. पाच. सहा. मग मी त्याच्या हाती बर्फाचा मोहरीएवढा कण दिला व तो नळीत टाकावयास सांगितले. कण पाण्याला लागला मात्र, तेथून सुयांसारखे स्फटिक फुटून सरासर खाली धावले आणि क्षणार्धात नळी दुधासारखी झाली. मुले ओरडली. पण तो ओरडला नाही. त्याची दृष्टी उष्णतामापकावर होती. "सर, पारा वर चालला!" खरोखरच पारा शून्याखालील सहा अंशांवरून चढत चढत शून्यावर येऊन थांबला. बर्फ होताना पाणी गरम झाले!

हे सर्वांत मोठे नवल होते, आणि ह्या विषयाची किल्लीही तेथेच आहे. पाणी गोठताना आपल्या पोटातील गुप्त उष्णता बाहेर टाकते. एका ग्रॅममागे सुमारे ८० उष्मांक. शून्याखाली सहा अंशांवरील पाण्यापैकी सहा ऐंशीअंश, म्हणजे सुमारे तेरावा हिस्सा गोठला, की निघालेल्या उष्णतेने उरलेले पाणी शून्यावर येते आणि तेथे अडते. म्हणून आमच्या नळीत घट्ट बर्फ झाला नाही. सुया आणि पाणी ह्यांचा लगदा झाला.

मी खडू खाली ठेवला व म्हणालो, "जुलैमध्ये ह्याने मामांचा जो निरोप आणला होता, तो खरा होता. माझे उत्तर खोटे होते. तुम्ही हसलात ते माझ्यामुळे हसलात." वर्गात कोणीच काही बोलले नाही. असे वाक्य म्हणताना घसा कोरडा पडतो, हवेत कितीही आर्द्रता असो.

आता परीक्षानळीच्या जागी विमानाचा पंख घ्या. शून्याखाली दहा अंशांचे थेंब त्याच्यावर आदळतात. प्रत्येक थेंबाचा आठवा हिस्सा तत्काळ गोठतो. उरलेले पाणी पंखावर पसरत पसरत गोठते, आणि त्याचा काचेसारखा पारदर्शक, जड, चिवट थर बनतो. शून्य ते उणे दहा अंश, मोठे थेंब आणि भरगच्च ढग, हा त्याचा हंगाम. ह्याहून थंड हवेत, बारीक थेंब असतील, तर ते आदळल्या जागी गोठतात. मध्ये हवा कोंडली जाऊन खवलेल्या नारळासारखा पांढरा, खरखरीत बर्फ साचतो. दोन्हींचा अपाय एकच, पण तो आपण समजतो तो नव्हे. मी समजत होतो की बर्फाच्या वजनाने विमान खाली येते. वजन ही गौण गोष्ट. पंखावरून हवा सरळ वाहिली तरच पंख विमानास उचलून धरतो. पृष्ठभागावर घासकागदाएवढा खरखरीतपणा आला तरी ती उचल शेकडा ३० पर्यंत घटू शकते. पक्षी ओल्या पंखांनी उडण्याचे का टाळतो, हे आठवावे.

माझ्या उत्तरात सत्याचा एक अंश होता, तोही सांगितला पाहिजे. उभ्या विमानावर जमिनीवरच हिम बसते आणि ते औषधी द्राव फवारून धुवावे लागते, हा प्रकार थंड देशांतला. मुंबईस तो होत नाही. पण वर पाच किलोमीटरांवर गेल्यावर मुंबई काय आणि मॉस्को काय! किंबहुना आपली उष्ण, दमट हवा अधिक पाणी वर नेते. १ जून २००९ रोजी रिओ दी जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान भर उष्ण कटिबंधात, विषुववृत्ताजवळच्या अटलांटिक महासागरावर, गर्जमेघांच्या प्रदेशात शिरले. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाच्या कणांनी थोडा वेळ बुजल्या, वैमानिकांस वेग कळेना, त्यांच्या हातून विमान सांभाळले गेले नाही, आणि २२८ माणसे गेली. तेथे खाली समुद्राचे पाणी आपल्या अर्नाळ्याच्या पाण्यासारखेच कोमट होते.

मोठ्या जेट विमानांत इंजिनातील गरम हवा पंखांच्या पुढल्या कडेत फिरवितात. त्या कडेवर बर्फ टिकत नाही. पंख्यांच्या लहान विमानांना त्याच कडेवर रबरी पट्ट्या असतात. त्या फुगविल्या की बर्फ तडकून पडतो. १९९४ च्या ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत रोझलॉन येथे अशा पट्ट्या असलेले एटीआर जातीचे विमान पडून ६८ लोक मृत्युमुखी पडले. थेंब नेहमीहून बरेच मोठे होते; ते पसरत पट्टीच्या मागे जाऊन गोठले, जेथे पट्टीचा उपाय पोचत नव्हता. त्यानंतर पट्ट्या रुंद करण्यात आल्या. त्या गरम हवेच्या नळ्या, त्यांच्या झडपा, पिटो नळ्यांना तापविणाऱ्या तारा उड्डाणापूर्वी नीट आहेत की नाहीत हे पाहणे, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे काम. ज्यांचे वडील, काका, भाऊ आखाती देशांतून विमानाने ये-जा करतात अशी घरे आमच्या गावोगावी आहेत. त्या घरांना अशा माणसाचे नाव कधीच कळत नाही.

ह्याच शत्रूचा उपयोगही करता येतो, आणि ती कथा मुलांना फार आवडली. व्हिन्सेंट शेफर हा अमेरिकेतील गरीब घरचा मुलगा. त्याला शाळा अर्ध्यावर सोडून कारखान्यात कामास लागावे लागले. पुढे तो जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ लँगम्यूर यांच्या हाताखाली आला, आणि विमानांवर बर्फ कसा साचतो ह्याचा शोध घेण्यास हे दोघे माउंट वॉशिंग्टन पर्वतावर जात असत. जुलै १९४६ मध्ये शेफर शीतपेटीत आपल्या श्वासाचा ढग करून पाहत होता. त्यातील थेंब अतिशीत होते, पण काही केल्या गोठत नव्हते. दिवस उन्हाळ्याचा, पेटी पुरेशी थंड राहीना, म्हणून त्याने तीत घन कार्बन डायऑक्साइडचा तुकडा टाकला. आणि सारा ढग चमचमणाऱ्या हिमकणांचा झाला. कृत्रिम पावसाच्या शास्त्राचा आरंभ येथून झाला. आपल्या पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून उपकरणे लावलेली विमाने मुद्दाम पावसाळी ढगांत नेऊन आतील थेंबांची मोजणी केली. २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत हे काम सोलापुराहून चालले. इतर विमाने ज्या ढगाला वळसा घालून जातात, त्याच्याच पोटात ही माणसे शिरत होती, आणि तीही सोलापूरच्या कोरड्या रानावर!

मराठवाड्यात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी उभी पिके झोपविली, तेव्हा ज्या पाण्याने त्या गारांस पोसले तेही हेच अतिशीत पाणी. मी अध्यापनाचे शिक्षण घेण्यास मिशनच्या वसतिगृहात नगरास राहिलो होतो, तेव्हा एकदा गार उचलून दोन तुकडे केले होते. आत कांद्यासारखे थर होते. एक पांढरा, एक पारदर्शक, पुन्हा एक पांढरा. त्यांचा अर्थ मला ह्या सप्टेंबरात लागला. गार ढगात कधी बारीक थेंबांतून तर कधी दाट, मोठ्या थेंबांतून हिंडत होती. विमानाच्या पंखावर जे दोन प्रकारचे बर्फ चढतात, त्यांचीच ती पुटे होती.

तास संपण्यास पाच मिनिटे उरली, तेव्हा मी वह्या काढावयास सांगितल्या. जुलै महिन्याचे पान उघडून, 'पाणी शून्य अंशाला गोठते' ह्या वाक्यातील शेवटचा शब्द खोडून तेथे 'गोठू शकते' असे शाईने लिहा, असे सांगून मी बाकांमधून फिरू लागलो. सारी डोकी खाली वाकली होती. मागच्या बाकावरचा तो मुलगा मात्र लिहीत नव्हता. मी त्याची वही उचलून पाहिली. शब्दावर पेन्सिलीची पुसट रेघ होती, आणि तिच्यावर, मला सहज दिसू नये इतक्या बारीक अक्षरांत, दुरुस्ती केलेली होती. खाली तारीख होती. ती जुलैतली होती.